चिनी अणुबाँब, आघाड्यांचे राजकारण आणि यशवंतराव चव्हाण : पूर्व आशियाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दि. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने सिंक्यांगमधील लोप नॉर येथे आपल्या पहिल्या अणुबाँबची चाचणी घेतली. त्या दिवशी तोक्यो येथे ऑलिंपिक सामने चालू होते. मॉस्कोत ख्रुश्चेव्ह यांना नुकतेच सत्तेवरून दूर करण्यात आले होते, तर लंडनमध्ये मजूर पक्ष निवडणूक जिंकून सत्तेवर येत होता. दिल्लीत लालबहादूर शास्त्री यांना पंतप्रधानपदी येऊन चार महिने झाले होते आणि संरक्षण खाते यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते. सीमेवर दोन वर्षांपूर्वी ज्या शेजाऱ्याकडून पराभव पत्करावा लागला, त्याच्याच हाती आता अण्वस्त्र आले होते. या घटनेचा अर्थ लावण्याचे आणि तीस उत्तर शोधण्याचे काम ज्या मोजक्या व्यक्तींवर येऊन पडले, त्यांत देवराष्ट्रे येथे जन्मलेली व कऱ्हाड येथे वाढलेली ही एक व्यक्ती होती.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे त्यांचे जन्मगाव आज सांगली जिल्ह्यात आणि कर्मभूमी कऱ्हाड सातारा जिल्ह्यात आहे. या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत यशवंतरावांचा अभ्यास होतो तो प्रामुख्याने संयुक्त महाराष्ट्र, सहकार, पंचायत राज्य आणि साहित्य या अंगांनी. संरक्षणमंत्री (१९६२ ते १९६६) आणि परराष्ट्रमंत्री (१९७४ ते १९७७) या नात्याने त्यांनी केलेल्या कार्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य व्यासपीठांवरून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की धावून गेल्यानंतर सह्याद्रीने तेथे नेमके काय केले, हा प्रश्न विचारण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पूर्व आशियातील आघाड्या आणि अण्वस्त्रधोरण यांच्या संदर्भात तपासला आहे.

आघाड्यांचा पट

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व आशियात दोन परस्परविरोधी आघाड्या उभ्या राहिल्या. १४ फेब्रुवारी १९५० रोजी सोव्हिएत संघ व चीन यांच्यात मैत्री व परस्पर साहाय्याचा करार झाला. अमेरिकेने १९५१ मध्ये जपानशी, १९५३ मध्ये दक्षिण कोरियाशी आणि १९५४ मध्ये तैवानशी संरक्षण करार केले. जपानबरोबरच्या कराराची १९६० मध्ये फेररचना झाली. उत्तर कोरियाने जुलै १९६१ मध्ये एका आठवड्याच्या आत मॉस्को आणि पेकिंग या दोहोंशी स्वतंत्र करार करून घेतले. दोन मोठ्या शेजाऱ्यांत भांडण लागले असता दोघांकडूनही लाभ पदरात पाडून घेण्याची ही लहान राष्ट्राची चतुराई होती.

अण्वस्त्रांच्या युगात आघाडीचा अर्थ बदलतो. पूर्वीच्या काळी मित्रराष्ट्राच्या मदतीस सैन्य पाठविणे म्हणजे काही डिव्हिजनांची किंमत मोजणे होते. अण्वस्त्रधारी शत्रूविरुद्ध मित्राचे रक्षण करणे म्हणजे स्वतःची शहरे पणाला लावणे होय. बड्या राष्ट्राने आपल्या अण्वस्त्रांचा धाक मित्राच्या संरक्षणासाठी उपलब्ध करून देणे यास ‘विस्तारित प्रतिरोधन’ किंवा सोप्या शब्दांत ‘अणुछत्र’ म्हटले जाते. या छत्राची मुख्य अडचण अशी की ते उघडेल की नाही, हे पाऊस आल्याखेरीज कळत नाही. छत्राखालील राष्ट्राला दोन भये एकाच वेळी ग्रासतात. संकटाच्या वेळी मित्र सोडून देईल हे एक भय. मित्राच्या भांडणात आपण विनाकारण ओढले जाऊ हे दुसरे.

चीनचा अणुबाँब हा या दोन भयांचाच परिपाक होता. कोरियातील युद्ध आणि १९५४-५५ मधील तैवान सामुद्रधुनीचा संघर्ष या दोन्ही प्रसंगी अमेरिकेने अण्वस्त्रांच्या वापराचे सूचन केले होते. जानेवारी १९५५ मध्ये चिनी नेतृत्वाने अण्वस्त्रनिर्मितीचा निर्णय घेतला. ऑक्टोबर १९५७ च्या करारान्वये सोव्हिएत संघाने तंत्रज्ञान आणि बाँबचा नमुनासुद्धा देण्याचे मान्य केले. तथापि १९५८ च्या तैवान संकटात माओ यांनी दाखविलेल्या बेफिकिरीने मॉस्को सावध झाले आणि २० जून १९५९ रोजी नमुना देण्यास नकार कळविण्यात आला. पुढील वर्षी सोव्हिएत तंत्रज्ञही परत बोलाविण्यात आले. चीनने आपल्या प्रकल्पाला ‘५९६’ हा सांकेतिक क्रमांक दिला. १९५९ या वर्षाच्या सहाव्या महिन्याची, म्हणजे मित्राच्या नकाराची ही आठवण होती. लोप नॉर येथील स्फोट सुमारे २२ किलोटन क्षमतेचा होता आणि त्यात युरेनियम-२३५ वापरलेले होते. आपण अण्वस्त्रांचा प्रथम वापर कधीही करणार नाही, असे चीनने त्याच दिवशी जाहीर केले.

१९६२ नंतरची उभारणी

नोव्हेंबर १९६२ मध्ये सेला व बोमदिला पडल्यानंतर पंडित नेहरूंनी १९ नोव्हेंबर रोजी अध्यक्ष केनेडी यांना लागोपाठ दोन पत्रे पाठवून स्वनातीत लढाऊ विमानांची बारा पथके मागितली. बाँबफेकी विमानांच्या दोन पथकांचाही त्या मागणीत समावेश होता. अलिप्ततावादाच्या प्रणेत्याने लिहिलेली ही पत्रे पुढे बराच काळ गुप्त राहिली. यशवंतरावांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली, त्याच दिवशी चीनची एकतर्फी युद्धबंदीची घोषणा जगाला कळली. म्हणजे यशवंतरावांच्या वाट्याला आले ते युद्ध नव्हते. युद्धाने उघडे पाडलेले सैन्य आणि आत्मविश्वास गमावलेले मंत्रालय त्यांच्या हाती आले. लष्करी नेतृत्वाशी राजकीय नेतृत्वाचे संबंध पूर्ववत करणे हे त्यांचे पहिले काम होते व ते त्यांनी गाजावाजा न करता केले.

डिसेंबर १९६२ मध्ये नासाऊ येथे केनेडी व ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांनी भारतास १२ कोटी डॉलरची तातडीची लष्करी मदत देण्याचे ठरविले. ही मदत आली. परंतु तिच्याबरोबर काश्मीरप्रश्नी पाकिस्तानशी तडजोड करण्याचा आग्रहही आला. १९६४ हे वर्ष यशवंतरावांनी शस्त्रास्त्रांच्या शोधातच घालविले असे म्हणता येईल. मे महिन्यात ते वॉशिंग्टनला गेले. तेथे असतानाच २७ मे रोजी नेहरूंच्या निधनाची वार्ता आली व त्यांना दौरा अर्धवट सोडून परतावे लागले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोस आणि वर्षअखेरीस लंडनला गेले. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ जातीची विमाने भारताला देण्यास अमेरिका तयार नव्हती. सोव्हिएत संघ मात्र मिग-२१ विमाने भारतातच बनविण्यास साहाय्य करण्यास राजी होता. या विमानांच्या सांगाड्यांचा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे उभा राहिला. १९६३ मध्ये यशवंतराव नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते, हा योगायोगही नोंदविण्यासारखा आहे.

याच काळात १९६४ ते १९६९ अशी संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखण्यात आली. ८ लाख २५ हजारांचे खडे सैन्य, हवाई दलाची ४५ पथके आणि हिमालयात लढण्यासाठी खास प्रशिक्षित पर्वतीय डिव्हिजन ही तिची मुख्य उद्दिष्टे होती. दोन्ही महासत्तांकडून मदत घ्यायची, पण कोणाच्याही आघाडीत जायचे नाही, हा या उभारणीचा पाया होता. या धोरणास काही टीकाकारांनी ‘द्विपक्षीय आघाडी’ असे उपरोधाने म्हटले, आणि त्यात तथ्य अगदीच नव्हते असे नाही.

लोप नॉर आणि दिल्ली

चिनी चाचणीची शक्यता दिल्लीला अगोदर ठाऊक होती. ऑक्टोबर १९६४ च्या प्रारंभी कैरो येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत शास्त्रींनी चीनला चाचणीपासून परावृत्त करण्यासाठी शिष्टमंडळ पाठवावे, अशी सूचना केली होती. तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. चाचणीनंतर आठ दिवसांनी, २४ ऑक्टोबर रोजी, डॉ. होमी भाभा यांनी आकाशवाणीवरून भाषण केले. दहा किलोटनाच्या बाँबला सुमारे साडेसतरा लाख रुपये आणि दोन मेगाटनाच्या बाँबला सुमारे तीस लाख रुपये खर्च येतो, असे त्यांनी सांगितले. या आकड्यांवर त्या काळी पुष्कळ शाई खर्ची पडली. वास्तविक हे आकडे अमेरिकेने शांततामय कामासाठी स्फोटके पुरविण्याचा जो दर सुचविला होता, त्यावर आधारलेले होते. अणुभट्टी, प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना, वाहक विमाने वा क्षेपणास्त्रे, नियंत्रणव्यवस्था यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. केवळ काडतुसाची किंमत सांगून बंदूक, शिपाई व कोठार यांचा हिशेब वगळण्यासारखेच ते होते. परंतु तुर्भे येथील सायरस अणुभट्टी १९६० पासून चालू होती आणि प्लुटोनियमचा कारखानाही उभा राहिला होता. त्यामुळे भाभा जे सांगत होते ते केवळ स्वप्नरंजन नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागते.

नोव्हेंबर १९६४ मध्ये गुंटूर येथील अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत अणुबाँबचा प्रश्न उपस्थित झाला. लोकसभेत जनसंघाने अण्वस्त्रनिर्मितीची मागणी करणारा प्रस्ताव मांडला, तो फेटाळला गेला. शास्त्रींनी मधला मार्ग काढला. अणुबाँब बनवायचा नाही, परंतु शांततामय कारणांसाठी करावयाच्या स्फोटाचे संशोधन थांबवायचे नाही. दहा वर्षांनी पोखरण येथे जे घडले त्याचे बीज या वाक्यात होते.

संरक्षणमंत्री म्हणून यशवंतरावांनी शासनाच्या या भूमिकेचीच पाठराखण केली. त्यामागे केवळ पक्षशिस्त होती असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या मंत्रालयाने आखलेली योजनाच अशी होती की अणुबाँबचा खर्च तिच्यावर लादला असता तर पर्वतीय डिव्हिजनांची उभारणी मागे पडली असती. चीनकडे तेव्हा बाँब होता, पण तो भारतीय शहरांपर्यंत नेण्याचे खात्रीलायक साधन नव्हते. अण्वस्त्र बसविलेल्या क्षेपणास्त्राची चाचणी त्याने २७ ऑक्टोबर १९६६ रोजी घेतली. सीमेवर प्रत्यक्ष उभे असलेले सैन्य हा तातडीचा प्रश्न होता, तर अणुबाँब हा पुढील दशकाचा.

हा अग्रक्रम योग्य होता की नाही, याची कसोटी लवकरच लागली. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध चालू असताना १६ तारखेस चीनने भारताला निर्वाणीचा खलिता दिला. सिक्कीम-तिबेट सीमेवरील तथाकथित लष्करी बांधकामे तीन दिवसांत हटवावीत, अशी मागणी त्यात होती. मुदत पुढे वाढविण्यात आली आणि युद्धबंदी झाल्याने प्रसंग टळला. या सगळ्यात चीनने आपल्या बाँबचा उघड धाक घातला नाही. पण दिल्लीत त्याची छाया पडली होतीच, आणि त्याच महिन्यात अनेक पक्षांच्या खासदारांनी मिळून पंतप्रधानांकडे अण्वस्त्रनिर्मितीची लेखी मागणी केली. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९६७ मध्ये, नथु ला येथे भारतीय व चिनी सैन्यांत चकमक झाली. तोपर्यंत चीनने हायड्रोजन बाँबचीही चाचणी (१७ जून १९६७) घेतलेली होती. तरीही खिंडीतील निकाल ठरला तो तोफा आणि उंचीवरील मोक्याच्या जागा यांनी. यशवंतराव तेव्हा गृहमंत्री होते. पण त्या खिंडीत उभे असलेले सैन्य त्यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात घडलेले होते.

हमीचा शोध

बाँब बनवायचा नाही आणि आघाडीतही जायचे नाही, तर अण्वस्त्रधारी शेजाऱ्यापासून संरक्षण कसे मिळवायचे? या प्रश्नाला तिसरे उत्तर शोधण्याचा प्रयत्न शास्त्रींनी केला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी १८ ऑक्टोबर १९६४ च्या भाषणात, अण्वस्त्रांचा मार्ग न धरणाऱ्या राष्ट्रांना अण्वस्त्रांच्या धमकीविरुद्ध अमेरिकेचा भक्कम पाठिंबा राहील, असे आश्वासन दिले होते. डिसेंबरमध्ये लंडन येथे शास्त्रींनी ब्रिटिश पंतप्रधान विल्सन यांच्यापुढे अण्वस्त्रहीन राष्ट्रांच्या सामूहिक संरक्षणाचा विषय काढला. इंदिरा गांधींच्या कारकीर्दीत, एप्रिल १९६७ मध्ये, एल. के. झा आणि डॉ. विक्रम साराभाई हे मॉस्को व वॉशिंग्टन येथे याच कामासाठी गेले.

भारताला हमी हवी होती ती दोन्ही महासत्तांची, एकाच वेळी आणि आघाडीचे जोखड न स्वीकारता. ही मागणी तर्कशुद्ध होती, पण व्यवहारात टिकणारी नव्हती. हमी देणाऱ्या राष्ट्राला तिच्या मोबदल्यात काहीतरी हवे असते. जपानने तळांसाठी आपली भूमी दिली होती, दक्षिण कोरियाने तळ देऊन व्हिएतनाममध्ये सैन्यही पाठविले होते. भारत यांपैकी काहीच द्यायला तयार नव्हता. शिवाय मॉस्को व वॉशिंग्टन यांनी संयुक्तपणे चीनविरोधी हमी देणे त्या काळी दोघांनाही गैरसोयीचे होते. अखेर १९ जून १९६८ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्र. २५५ संमत केला. त्यान्वये अण्वस्त्रहल्ल्याच्या वा तशा धमकीच्या प्रसंगी परिषद कार्यवाही करील, असे आश्वासन मिळाले. परंतु परिषदेतील प्रत्येक स्थायी सदस्याला नकाराधिकार आहे. १९६८ मध्ये चीनची जागा तैपेई येथील शासनाकडे होती. ऑक्टोबर १९७१ मध्ये ती पेकिंगकडे गेली. ज्याच्यापासून संरक्षण हवे, त्याच्याच संमतीवर संरक्षण अवलंबून, अशी ही हमी ठरली.

१ जुलै १९६८ रोजी अण्वस्त्रप्रसारबंदी करार स्वाक्षरीसाठी खुला झाला, तेव्हा भारताने त्यावर स्वाक्षरी केली नाही. १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट करणाऱ्या पाच राष्ट्रांना अण्वस्त्रधारी मानायचे आणि इतरांना कायम बाहेर ठेवायचे, ही त्यातील विषमता भारताने सातत्याने दाखवून दिली. तत्त्वाचा मुद्दा खरा होता. पण हमी न मिळाल्याने पर्याय खुला ठेवण्याची गरजही तितकीच खरी होती. दिल्लीच्या निवेदनांत पहिले कारण ठळक आणि दुसरे अस्फुट राहिले.

तोक्यो, सेऊल आणि दिल्ली

जपानचे उदाहरण या ठिकाणी उपयुक्त आहे. अणुबाँबचा दाह सोसलेले राष्ट्र म्हणून जपान स्वभावतःच अण्वस्त्रविरोधी आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. लोकमताच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. परंतु चिनी चाचणीनंतर, डिसेंबर १९६४ मध्ये, पंतप्रधान साटो यांनी अमेरिकी राजदूताजवळ खासगीत असे मत व्यक्त केले की, दुसऱ्याकडे अण्वस्त्रे असतील तर आपल्याकडेही असणे हे साधे व्यवहारज्ञान होय. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये जॉन्सन यांच्याकडून संरक्षणाची ग्वाही मिळविली. डिसेंबर १९६७ मध्ये त्याच साटो यांनी अण्वस्त्रे बाळगणार नाही, बनविणार नाही व देशात आणू देणार नाही, ही तीन तत्त्वे जाहीर केली. पुढे उघड झालेल्या माहितीनुसार, याच काळात जपानी शासनाने स्वतंत्र अण्वस्त्रांची शक्यता तपासून पाहिली होती व ती फायद्याची नाही असा निष्कर्ष काढला होता. ओकिनावा परत मिळविताना, आणीबाणीत तेथे अण्वस्त्रे आणू देण्याचा गुप्त समझोताही १९६९ मध्ये झाला. साटो यांना १९७४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी भारताने पोखरणचा स्फोट केला. एका राष्ट्राची अण्वस्त्रविरहितता दुसऱ्याच्या अण्वस्त्रांवर उभी होती आणि दुसरे राष्ट्र छत्राविना उघड्यावर उभे होते, हा भेद लक्षात न घेता दोघांची नैतिक तुलना करणे अन्यायाचे होईल.

छत्र फाटते आहे असे वाटले की काय होते, हे दक्षिण कोरियाने दाखविले. १९६९ मध्ये निक्सन यांनी आशियाई मित्रांनी आपल्या संरक्षणाचा भार स्वतः उचलावा असे सांगितले आणि १९७१ मध्ये अमेरिकेने कोरियातून एक डिव्हिजन काढून घेतली. अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी लगोलग गुप्त अण्वस्त्रकार्यक्रम हाती घेतला. फ्रान्सकडून प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना घेण्याचा बेत अमेरिकेच्या दडपणाखाली १९७६ मध्ये सोडून द्यावा लागला. कोरियावर असे दडपण आणता आले ते आघाडीमुळेच. सैन्य काढून घेण्याची धमकी ज्याला देता येते, त्याचेच ऐकावे लागते. भारताला तशी धमकी देण्याजोगे अमेरिकेच्या हाती काही नव्हते. अलिप्ततेची ही एक न मोजलेली मिळकत होती.

परराष्ट्रमंत्रिपदाची अडीच वर्षे

पोखरणचा स्फोट १८ मे १९७४ रोजी झाला तेव्हा यशवंतराव अर्थमंत्री होते. ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. १९६२ प्रमाणेच याही वेळी घटना दुसऱ्यांच्या काळात घडली आणि परिणाम निस्तरणे त्यांच्या वाट्याला आले. पदभार घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत किसिंजर दिल्लीस आले व २८ ऑक्टोबर १९७४ रोजी भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर दोघांनी स्वाक्षऱ्या केल्या. स्फोटाबद्दल अमेरिकेने जाहीर गहजब केला नाही; पण अणुसामग्री पुरविणाऱ्या राष्ट्रांचा गट उभा करण्याचे काम मात्र सुरू केले. कॅनडाचा पवित्रा अधिक कडक होता, कारण सायरस भट्टी त्याने शांततामय वापरासाठी दिलेली होती. दीर्घ वाटाघाटींनंतर मार्च १९७६ मध्ये समझोत्याचा मसुदा तयार झाला होता. कॅनडाच्या मंत्रिमंडळाने तो नाकारला आणि मे १९७६ मध्ये अणुसहकार्य कायमचे थांबविले. स्फोट ‘शांततामय’ होता हा भारताचा युक्तिवाद शब्दशः चुकीचा नव्हता, पण तो कोणाला पटलाही नाही.

याच काळात चीनशी संबंध सुधारण्याचे पाऊल पडले. १५ एप्रिल १९७६ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत जाहीर केले की के. आर. नारायणन यांना राजदूत म्हणून पेकिंगला पाठविण्यात येईल. १९६१ पासून तेथे भारताचा राजदूत नव्हता. ही घोषणा करणे राजकीयदृष्ट्या सोपे नव्हते. आदल्या वर्षी सिक्कीमच्या विलीनीकरणाचा चीनने निषेध केला होता, आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये तुलुंग ला येथे आसाम रायफल्सचे चार जवान मारले गेले होते. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षण खाते सांभाळणाऱ्या मंत्र्यानेच चौदा वर्षांनी संवादाचे दार उघडावे, यात एक सुसंगती दिसते. पोखरणनंतर चीनकडे पाहण्याची दिल्लीची नजर थोडी निर्धास्त झाली होती, असा तर्क करता येतो. पण केवळ तेवढेच कारण नव्हते. १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर मॉस्कोवरील अवलंबन वाढत चालले होते आणि तो भार कमी करण्याची निकडही होती.

येथे याच परिसरातील आणखी एका व्यक्तीचा उल्लेख करणे उचित ठरेल. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पा पंत हे १९५५ ते १९६१ या काळात गंगटोक येथे भारताचे राजकीय अधिकारी होते व तिबेटमधील भारतीय कचेऱ्या त्यांच्या देखरेखीखाली होत्या. १९५८ मध्ये चुंबी खोऱ्यातून भूतानला जाणाऱ्या नेहरूंच्या प्रवासात ते सोबत होते. तिबेटमधील चिनी सत्तेचा विस्तार त्यांनी जवळून पाहिला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्या संस्थानातील आटपाडी व कुंडल ही गावे सांगली जिल्ह्यात आहेत. आणि कुंडलपासून देवराष्ट्रे हाकेच्या अंतरावर आहे. एकाने हिमालयाच्या पलीकडील हालचाली पाहिल्या व दुसऱ्याने अलीकडची बाजू सावरली. दोघांच्या कार्याचा एकत्रित अभ्यास झाल्यास तो स्थानिक इतिहासाच्याही उपयोगी पडेल.

पुढील घटनाक्रम परिचित आहे. उत्तर कोरियाने जानेवारी २००३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली व २००६ ते २०१७ या काळात सहा चाचण्या घेतल्या. मे १९९८ च्या भारतीय चाचण्यांनंतर जपानने भारताची नवी आर्थिक मदत रोखली होती. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने भारताला सवलत दिली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये खुद्द जपानने भारताशी नागरी अणुसहकार्याचा करार केला. तो २०१७ मध्ये अमलात आला. भारत-अमेरिका अणुकराराच्या त्या काळात पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री असलेले पृथ्वीराज चव्हाण हेही कऱ्हाडचेच. अणुदुर्घटनेच्या नुकसानभरपाईचे विधेयक त्यांनीच मे २०१० मध्ये लोकसभेत मांडले. दरम्यान सेऊलमध्ये जुनाच प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. सेऊल वाचविण्यासाठी अमेरिका आपले एखादे शहर पणाला लावील काय? एप्रिल २०२३ च्या वॉशिंग्टन घोषणेने दोन्ही देशांचा अणुसल्लागार गट स्थापन झाला, तो या शंकेचे निरसन करण्यासाठीच. जून २०२४ मध्ये रशिया व उत्तर कोरिया यांनी परस्पर साहाय्याचा नवा करार केला. १९६१ चे डावपेच प्याँगयाँग विसरलेले नाही.

१९६४ च्या ऑक्टोबरात संरक्षणमंत्र्यांच्या मनात काय चालले होते, हे त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळाले असते तर या विषयावर पुष्कळ प्रकाश पडला असता. यशवंतरावांनी आत्मचरित्राचे तीन खंड योजिले होते. पहिला ‘कृष्णाकाठ’ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो १९४६ पर्यंत येऊन थांबतो. ‘सागरतीर’ मुंबईच्या वर्षांविषयी, तर ‘यमुनाकाठ’ दिल्लीच्या वर्षांविषयी असणार होता. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला त्यांचे दिल्लीत निधन झाले आणि हे दोन्ही खंड लिहिले गेले नाहीत.